खोब्रागडे बाईंचा शिवणाचा तास

खोब्रागडे बाई आमच्या शाळेत आल्या त्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली नाही. एकेका मुलीसमोर उभ्या राहिल्या, हनुवटी वर केली आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून आत पाहिलं. आम्हाला वाटलं, कुणाचे डोळे आलेत का ते बघताहेत. माझ्यापाशी आल्या तेव्हा त्यांच्या हाताला लसणाच्या चटणीचा वास येत होता. "पांढरी," एवढंच म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. माझ्या शेजारी वच्छला बसली होती. तिची पापणी त्यांनी दुसऱ्यांदा ओढून पाहिली. "ही तं लयच पांढरी." वच्छी रंगानं उजळ होती. तिला वाटलं, नव्या बाईंनी रूपाचं कौतुक केलं. दिवसभर ती खुशीत होती.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या बाजूचं, पैनगंगेच्या अलीकडचं. नदी ओलांडली की महाराष्ट्र, अलीकडे तेव्हाचा आंध्र. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, कापसाच्या व्यापाऱ्याशी हिंदी. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. शाळा जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची, आणि मुलींना शिवण शिकवायला म्हणून बाई आल्या होत्या. पंचफुला हे त्यांचं नाव. उंच, काळ्यासावळ्या, हाडं दिसणाऱ्या. पांढरं सुती पातळ, उन्हापावसात एकच काळी छत्री. हसताना मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं, रागावताना रोज. गावाच्या टोकाला, बौद्धवाड्याला लागून त्यांनी खोली केली होती. नवरा होता म्हणे वणीकडे. कुणी म्हणे वारला, कुणी म्हणे बाईच निघून आल्या. खरं काय ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्यांची पहिली गोष्ट जी गावाला खटकली, ती त्यांचं जेवण. चारचौघांत बाईमाणसानं तोंड हलवू नये, असं आमच्याकडे होतं. बाई मधल्या सुट्टीत शाळेच्या पायरीवर, अगदी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर डबा उघडत. ज्वारीची भाकर, तरोट्याची नाही तर अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, लिंबाची फोड, शेवटी गुळाचा खडा नि मूठभर शेंगदाणे. सावकाश, एकेक घास चावून जेवत.

"पाहून घ्या पोरीहो," म्हणत, "बाई जेवते कशी ते. घरी पाहाले भेटत नाई तुमाले."

खरंच होतं ते. आमच्यातल्या एकीनंही आपल्या आईला धड जेवताना पाहिलं नव्हतं. सगळ्यांचं आटोपल्यावर चुलीकडे तोंड करून ती भांड्याला लागलेलं पुसून खाई, आणि ते झालं की चहा. चहावर बाईंचा फार राग. "जेवल्यावर चहा पेलं का खाल्लेलं मातीत," असं त्या म्हणायच्या. अनवाणी शेतात गेलेली मुलगी दिसली की रस्त्यातच धरत. "पायातून जंत चढते न रगत पेते. बापाले सांग, बैलाले नाल मारतं, पोरीले चप्पल आन." मुली घरी जाऊन हे जसंच्या तसं सांगत, आणि बापलोक बाईंना शिव्या देत.

वच्छी माझी शेजारीण. आमच्या दोन घरांत एक कुडाची भिंत. तिची आई तिच्या लहानपणीच बाळंतपणात गेलेली, घर आत्या चालवी, म्हणजे तिच्या वडलांची विधवा बहीण. वडील दौलतकाका, मोठे शेतकरी, शांत माणूस, पण घरातलं आत्याच्या शब्दाबाहेर नाही. वच्छीला एक खोड होती. चुलीच्या कडेचा भाजलेला मातीचा पोपडा काढून ती खिशात ठेवी आणि वर्गात चघळे. एकदा बाईंनी पकडली. आम्हाला वाटलं, आता छडी. बाईंनी तिच्या हातातला तुकडा घेतला, वास घेतला.

"गोड लागते न?"

वच्छीनं मान खाली घातली.

"लागणारच. रगत कमी झालं का मातीवर जीव जाते. तुही चूक नाई. तुह्या अंगाले जे पाह्यजे ते ताटात नाई, म्हणून ते चूल चाटाले लावते." मग आपल्या डब्यातला गूळ-शेंगदाणा तिच्या हातावर ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या. "खाय. माह्यासमोर खाय."

शनिवारी शेवटच्या तासांना मुलगे मैदानावर कवायतीला जात आणि आम्ही शिवणाच्या खोलीत. एक पायमशीन, दोन कात्र्या, जुन्या धडुत्यांचा ढीग. पहिल्याच शनिवारी बाईंनी दार लोटून घेतलं आणि एका मुलीला मशीनवर बसवलं.

"दोरा घालू नोको. नुसती चालव. थांबाचं नाई."

भिंतीपलीकडे हेडमास्तरांची खोली होती. मशीन खडखडत राहिली की त्यांना वाटे, शिवण चाललंय. त्या खडखडाटाखाली बाई आम्हाला हळू आवाजात सांगत. पोटात, बेंबीच्या खाली, मुठीएवढी एक पिशवी असते. पोरगी मोठी झाली की ती पिशवी महिन्या-महिन्याला आतून अस्तर लावून घेते. लेकरू राहिलं तर ते अस्तर त्याच्या कामी येतं. नाही राहिलं तर उसवून बाहेर टाकते आणि पुन्हा नवं लावते.

"अस्तर हाय. शाप नाई, पाप नाई, कोणाची नजर नाई. अस्तर उसवलं म्हणून कोनी मरत नाई. पण जे गेलं ते भरून काढा लागते. ते ताटातून निघते, देवळातून नाई."

आमच्यात एक मुलगी होती, तिला दोन महिन्यांपूर्वी सुरू झालं होतं. कुणी काही सांगितलेलं नाही. आपल्या पोटात काही फुटलंय आणि आपण आता मरणार, असं धरून ती गप्प वावरत होती. बाईंचं बोलणं ऐकता ऐकता ती हुंदके देऊन रडायला लागली. मशीनवरची मुलगी घाबरून थांबली. एकदम शांत झालं. बाईंनी त्या रडणाऱ्या मुलीला पोटाशी धरलं आणि दुसरीवर डाफरल्या, "मशीन चालू ठेव व!"

वच्छीनं विचारलं, "बाई, मंग देवाले काऊन चालत नाई?"

"देवाले मीबी चालत नाई," बाई म्हणाल्या. "मंग मी मेली का?"

त्या तासांना आम्ही खरोखरचं शिवलंही. धडुत्यांच्या घड्या, चार पदरी, कडेला टीप, बांधायला नाडी. कापड वापरून झालं की साबणानं धुवायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. घरी ते वाळत असे गोठ्याच्या अंधारात, गोणपाटाखाली, दमट. उन्हात घालायची सोय नव्हती, पुरुषांच्या नजरेस पडेल म्हणून. मग बाईंनी आपल्या खोलीमागं तुराट्यांचा कूड घालून घेतला आणि आत दोरी बांधली. शाळेत येता-जाता आम्ही तिथं वळत असू. गावात म्हणत, या पोरी मास्तरणीकडे काय सारख्या जातात. आम्ही म्हणायचो, शिवण.

दिवेलागणीला बाईंची फेरी असे. छत्री काखेत मारून नेमक्या जेवणाच्या वेळेला एखाद्या मुलीच्या घरी जायच्या आणि ओट्याच्या पायरीवर बसायच्या. वच्छीकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा मी तिथंच होते.

"काय काम काढलं मास्तरीणबाई?" आत्यानं विचारलं.

"काई नाई. वच्छी जेवली का?"

"अजून गडीमाणसं जेवाचे हायत."

"मंग बसतो."

आत्याची पंचाईत झाली. दारात माणूस बसलेलं असताना जेवा म्हणावं लागतं, आणि बाईंना म्हणायचं तर त्यांच्यासाठी ताट कुठलं काढायचं? बाईंना ते सगळं पाठ होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मले नोका वाढू आत्याबाई. तुमच्या भांड्याले मी हात लावत नाई. पण पोरीले माह्यासमोर वाढा. भाजी दुसऱ्यांदा वाढजा, वरून लिंबू पिळजा."

आत्या लाल झाली. दौलतकाका हात धुवून पाटावर बसत होते. त्यांनी एकदा बाईंकडं, एकदा लेकीकडं पाहिलं. "वाढ तिले," म्हणाले. बापाच्या पंगतीला वच्छी त्या दिवशी पहिल्यांदा बसली. लाजेनं तिला घास गिळवेना. तिचं ताट स्वच्छ होईपर्यंत बाई हलल्या नाहीत. त्यानंतर गावात असंच सुरू झालं. मास्तरीण येताना दिसली की बायका कुरकुरत म्हणत, वाढा व पोरीले, म्हंजे ते जाईन. त्या कुरकुरीतून आमच्या पोटात थोडं अधिक अन्न गेलं हे मात्र खरं.

एकदा बाई आल्या तेव्हा वच्छी गोठ्यात बसलेली होती, बाजूला. पुढ्यात कोरडी भाकर. बाई तिकडे निघाल्या तशी आत्या ओरडली, "तिकडे नोका जाऊ, तिले विटाळ हाय."

बाई वळल्या. आवाज चढवला नाही. "मले कायचा विटाळ सांगता आत्याबाई? तुमच्या लेखी मी तं बाराही महिने विटाळ हाओ. बरं हाय, दोघी संगं बसतो." आणि गोठ्यात, शेणाच्या वासात, वच्छीशेजारी बसून त्यांनी आपला डबा उघडला. दोघींनी एका डब्यात खाल्लं. आत्यानं त्या दिवशी वच्छीला दोनदा आंघोळ घातली. पण वच्छी मला कुडाच्या फटीतून म्हणाली, "बाईच्या हातची अंबाडी लय चांगली लागते व."

नववीची परीक्षा झाली आणि वच्छीचं लग्न ठरलं. नदीपलीकडचं गाव, कापसाचं घर, नवरा वयानं बराच मोठा. बाई दुपारच्या उन्हात दौलतकाकांच्या शेतावर गेल्या. काका वखर हाकत होते. हे सगळं मला पुढे कधीतरी काकांनीच सांगितलं.

"हिची माय कशानं गेली, दौलतराव?"

"नशिबानं गेली."

"नशीब नोका म्हणू. रगत नवतं अंगात. हिच्याबी नाई. डोळ्यात पाह्यलं मी."

"बाई, माह्या घरात आता बोलणं झालं हाय. जबान गेली."

"मंग लगन करा. पण दोन वर्सं नांदाले नोका पाठवू. तेवढी जबान मले द्या."

काकांनी दिली. आणि ती त्यांनी पाळली नाही. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला हात हवे म्हणून सासरचे गाडी घेऊन आले, आत्यानं खणा-नारळानं ओटी भरली, आणि वच्छी गेली. बाईंना दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं. त्या शनिवारी शिवणाच्या खोलीत त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. मशीनवरची मुलगी रिकामी मशीन चालवत राहिली. तास संपल्याची घंटा होईपर्यंत.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात वच्छी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. गाडीतून उतरली तेव्हा मी धावत गेले आणि जवळ जाऊन थबकले. कानाच्या पाळ्या मेणासारख्या, ओठांना रंग नाही, पायांवर सूज. ओट्याच्या दोन पायऱ्या चढून तिला दम लागला. ती सोळाची होती.

बाई रोज येऊ लागल्या. नर्सबाईंकडून लोहाच्या गोळ्या आणत. आत्या गोळ्या घेई, बरं म्हणे, आणि बाईंची पाठ वळली की उकिरड्यावर टाकी. गोळ्यांनी लेकरू मोठं होतं आणि अडतं, असं तिचं म्हणणं. जेवणही त्यासाठीच बेतानं. आत्या दुष्ट नव्हती. वच्छीची आई तिच्या डोळ्यांदेखत अडून गेली होती, आणि या वेळी तसं होऊ नये म्हणून ती तिच्या समजुतीनं जपत होती. बाईंनी दारात बसून सांगितलं, भांडल्या, हात जोडले. आत्या आता त्यांच्यासमोर वाढीनाशी झाली. म्हणायची, "पोटुशा बाईच्या जेवणावर कोनाची नजर नोको."

मी वच्छीला म्हटलं, अगं, तुला तर सगळं माहीत आहे.

"माईत हाय व," ती म्हणाली. "कायची भाजी, कायचं लिंबू, चहा काऊन पेऊ नोको, सारं पाठ हाय मले. पण पळी आत्याच्या हाती हाय."

पोळा होऊन गेला होता. एका सकाळी वच्छी बाळंत झाली. मुलगी झाली. सुईण बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बरा नव्हता. रक्त थांबत नव्हतं. दौलतकाका अंगणात येरझारा घालत होते. त्यांनीच मला म्हटलं, "जाय व, बाईले बलाव." मी शाळेत धावत गेले. बाई वर्ग टाकून, चप्पल न घालता निघाल्या.

पुढचं काकांच्या तोंडून ऐकलेलं. वच्छीला बैलगाडीत घालून निघाले, तर नाल्याला पाणी होतं. गाडी अलीकडे अडून राहिली, बैल पाण्यात पाय घालीनात. बाई कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या आणि कासरा धरून पुढं झाल्या. पलीकडे सडकेवर एक ट्रक थांबवला. आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार टळली. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, उशीर केला, आता रक्त लागेल, लगेच. काकांचं जुळलं नाही. वच्छीला पाहायला आदल्या दिवशी आलेला तिचा दीर सोबत होता, तो चहा पिऊन येतो म्हणून गेला तो परतला नाही. बाईंनी पोलक्याची बाही वर केली. त्यांचं जुळलं. मग बाई काकांकडं वळून म्हणाल्या, "दौलतराव, माहं चालन का?" काकांना मान वर करवली नाही. त्यांनी फक्त हो म्हटलं.

रक्त चढलं. दिवस मावळायच्या आधी वच्छीनं डोळे उघडले. बाईंना ओळखलं. "बाई, भूक लागली," म्हणाली.

बाई स्वतःच धडपणे उभ्या राहू शकत नव्हत्या. तरी त्या भिंत धरून बाहेर गेल्या, समोरच्या हॉटेलातून पेलाभर दूध आणलं, गूळ घालून. त्या येईपर्यंत वच्छी गेली होती. काका सांगत होते, बाई तो पेला हातात धरून किती वेळ उभ्या होत्या, मग खाटेखाली ठेवला आणि वच्छीचे पाय पांघरुणात नीट घेतले.

वच्छीला गावात आणलं. आकांत झाला. तेराव्याच्या आत गावात एक वाक्य फिरायला लागलं. कुणी सुरू केलं कोण जाणे, पण आत्याच्या तोंडून मी ते माझ्या कानांनी ऐकलं. "त्या बाईचं रगत पोरीले मानवलं नाई." विहिरीवर तेच, पारावर तेच. रक्त नव्हतं म्हणून गेली, हे कुणी म्हणेना. कुणाचं चढवलं म्हणून गेली, हे सगळे म्हणू लागले. दवाखान्यात काय झालं ते पाहिलेला एकच माणूस गावात होता, आणि दौलतकाका गप्प बसले.

मग शिवणाच्या खोलीतल्या गोष्टीही बाहेर आल्या. पोरींना घाण शिकवते, कापडं वाळत घालते, देवाधर्माची चाड नाही. हेडमास्तर वाईट नव्हते, भित्रे होते. बाईंना बोलावून म्हणाले, "बाई, दरखास्त गेली वरतं. तबादला आला तुमचा, बाजारहत्नूरकडे. मी काय करू?"

"तुमी काई नोका करू," बाई म्हणाल्या. "तुमाले सवय हाय."

त्या गेल्या त्या दिवशी आम्हा मुलींना घराबाहेर सोडलं नव्हतं. दाराच्या फटीतून मी पाहिलं. बाईंची पत्र्याची पेटी घातलेली गाडी आमच्या दारावरून चालली होती. गाडी दौलतकाकांची होती आणि कासरा त्यांच्याच हातात. दुसऱ्या कुणी गाडी दिली नसती.  बेल्याचा फाटा आला तेव्हा काका म्हणाले, "बाई, मी बोलाले पाह्यजे होतं."

"व्हय," बाई म्हणाल्या. "पाह्यजे होतं." आणि पेटी उचलून बसकडे गेल्या. हे सांगताना काका नेहमी तिथंच थांबत. ते वाक्य त्यांना मरेपर्यंत पुरलं.

मी शिकले. माझ्या आईनं कुणाच्या नकळत मला शिकू दिलं, आणि नव्वदच्या सुमारास मीही मास्तरीण झाले. बाजारहत्नूरच्या बाजूला एकदा कामानं जाणं झालं, तेव्हा बाईंची शाळा शोधली. जंगलाकडेचं गाव, दोन खोल्यांची शाळा. तिथं ना मशीन ना शिवण. बाई चौथीच्या मुलांना पाढे शिकवत होत्या. केस पांढरे झाले होते, तेलुगू बोलत होत्या, मध्येच गोंडी. मला पाहून म्हणाल्या, "जेवली का?" मी हो म्हटलं, तरी खोलीवर नेऊन वाढलं.

मुलींना अजून सांगता का, असं मी विचारलं.

"सांगतो न. पण आता पोरीयच्या आधी त्यायच्या आयायले सांगतो, अन् त्यायच्या आधी सासवायले. पोरीले सांगून काय होते? निस्तं समजते तिले, का आपण कायनं मरून राह्यलो." त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "वच्छीले समजत होतं. ते नसतं समजलं तं बरं झालं असतं का, हे मी रोज विचारतो. उत्तर नाई येत."

मी ताटातलं सगळं संपवलं. 

वच्छीची मुलगी जगली होती. नदीपलीकडे सासरीच वाढत होती, सावत्र आईच्या हाताखाली. तिचं नाव धड कुणी ठेवलंच नाही, सगळे बेबी म्हणत. बाई दर उन्हाळ्यात, नदी पायउतार झाली की, बसनं आमच्या गावाच्या फाट्यावर यायच्या आणि वाळू तुडवत पलीकडे जायच्या, त्या पोरीला नुसतं पाहायला. पहिल्या वर्षी त्या घरच्यांनी त्यांना दारातून हाकललं. मग त्या गावात जाईनाशा झाल्या. काठावर बायका धुणं धुवायला, झऱ्याचं पाणी भरायला येत, तिथं एका खडकावर बसून राहत. पोरगी आली तर बघत, नाही आली तर संध्याकाळी परत. तिच्याशी कधी बोलल्या नाहीत. "लहान हाय अजून," म्हणायच्या.

शेवटच्या खेपेला मी त्यांच्यासोबत होते. त्या निवृत्त झाल्या होत्या, गुडघे गेले होते, वाळूत दर थोड्या वेळानं थांबावं लागे. माझ्या खांद्यावर हात टेकून चालत होत्या आणि हात तापलेला होता. त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्या गेल्या. बातमी मला उशिरा कळली.

आम्ही गेलो तेव्हा चैत्र होता. नदीत मधोमध पाण्याची एक धार तेवढी, तिच्या अलीकडे वाळूत उकरलेला झरा. बेबी धार ओलांडून आली, कमरेवर कळशी, अंगावर आखूड पडलेला झगा. वच्छीचाच बांधा. बारा वर्षांची असावी. झऱ्याशी वाकून ती वाटीनं पाणी कळशीत भरू लागली. बाईंनी तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग मला म्हणाल्या, "तू जाय तिकडे, दरडीवर. पोरगी लाजन."

मी गेले. एवढ्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते. बाई गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, वाळूवर बसल्या आणि पोरीला काही म्हणाल्या. ती आधी उभीच राहिली. मग बसली. मध्येच तोंडावर हात धरून हसली, मान दुसरीकडे वळवली. नंतर हसायची थांबली आणि गुडघ्यांवर हनुवटी ठेवून ऐकत राहिली. पलीकडच्या काठावरून कुणीतरी तिला हाका मारत होतं. बेबीनं कळशी उचलली आणि निघाली. बाईही उठल्या. त्यांना उठायला फार वेळ लागला. मी त्यांना धरायला दरड उतरू लागले.

पोरगी पाण्याच्या धारेपर्यंत गेली होती. तिथून ती वळली, कळशी तशीच कमरेवर घेऊन परत आली आणि बाईंना काहीतरी विचारू लागली.

काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. मी होते तिथंच थांबले. बाई पुन्हा वाळूत खाली बसल्या.